जित्या माणसाचा दगड

"सदरा काढ," सर म्हणाले.

नंदुरबारच्या शाळेचा हॉल. भर दुपार. समोर खुर्च्यांवर प्राध्यापक, वकील, डॉक्टर, मिरचीचे चार-दोन व्यापारी आणि पहिल्या रांगेत मधोमध परदेशातून आलेला गोरा पाहुणा. बाहेर मैदानात मिरच्या वाळत घातलेल्या, त्यामुळे सगळा हॉल खोकत होता. मी व्यासपीठाच्या कडेला सरांचे कागद सांभाळत उभा होतो. आधी वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. मी एम.ए. झालेला. सरांच्या हाताखाली प्रबंध लिहीत होतो. आज सर 'हे माझे सहकारी' म्हणून माझी ओळख करून देतील, म्हणून मी तो सदरा मुद्दाम इस्त्री करून घातला होता.

सर हसले. "अरे, काढ. पाहुण्यांना डाम बघायचेत."

लहान मुलाचं पोट फुगलं की आमच्यात विळ्याचं टोक तापवतात आणि बेंबीभोवती डाग देतात. त्याला डाम म्हणतात. दवाखाना लांब, बैलगाडी दुसऱ्याची. माय दुसरं काय करणार? माझ्याही पोटावर ते डाम आहेत. आम्हा भिलांच्या वस्तीत, भिलाटीत, जवळजवळ प्रत्येक पोराच्या पोटावर आहेत. मी सदरा काढला. सरांनी नकाशा दाखवायची छडी उचलली, तिचं टोक माझ्या बेंबीजवळ टेकवलं आणि इंग्रजीत व्याख्यान सुरू केलं. पाहुणा उठून जवळ आला, वाकला, एका डामावर बोट ठेवून बघितलं. दुखलं असेल का, असं त्यानं विचारलं. मला नाही, सरांना. सर म्हणाले, या लोकांना वेदना जरा कमीच जाणवते. पाहुण्यानं ते लिहून घेतलं.

हात शिवशिवत होते. ती छडी हिसकावून सरांच्याच तोंडावर मोडावी असं वाटत होतं. पण माझा प्रबंध सरांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता, आणि माझा बाप सरांच्या मोठ्या भावाच्या शेतावर सालदार होता.

हे नीट सांगायला हवं.

कोरीटच्या पलीकडे, तापीच्या अंगाला आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला भिलाटी. गावातलं मोठं घर सरांचं. त्यांचे भाऊ, बापू, शेती बघायचे. कपाशी, केळी, मिरची. सर शिकून पुण्याला गेले आणि मोठे विद्वान झाले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं आणि पुढच्या आखाजीपर्यंत माणूस बापूंचा व्हायचा. माझा बाप, वेस्ता, असा किती आखाज्यांपासून बापूंचा होता ते त्यालाच आठवत नव्हतं. बापूंचा आसूड दारामागे खुंटीला असे. आम्हा पोरांना कोणी देवाचं भय घातलं नाही, त्या खुंटीचं घातलं.

मी नंदुरबारला वसतिगृहात राहून मॅट्रिक झालो तेव्हा सर सुट्टीत गावी आले होते. सालदाराचं पोर शिकलंय म्हटल्यावर त्यांनी मला वर बोलावलं. ओट्यावर नाही, ओट्याच्या पायरीवर बसवलं. म्हणाले, मी तुझ्या लोकांवर संशोधन करणार आहे, मला माणूस हवा. मी हुरळून गेलो. पुण्याला नेलं त्यांनी मला, कॉलेजात घातलं, हे खोटं नाही. बापू जिथं तिथं सांगत सुटले की आमच्या घरानं भिलाचा साहेब केला.

सरांबरोबर मी वर्षानुवर्षं पाड्यापाड्यांवर फिरलो. पायी मी, जीपमधून ते. माणसं माझ्याशी बोलायची, कारण बोली माझी होती. गाणी मी लिहून घेतली, अर्थ मी लावले, मराठी मी केलं आणि इंग्रजीचा पहिला खर्डाही मीच केला. लेख छापून आला तेव्हा त्यावर एकच नाव होतं. खाली तळटीपेत बापूंचे आभार होते, राहण्या-जेवणाची उत्तम व्यवस्था केल्याबद्दल. जीपच्या ड्रायव्हरचेसुद्धा नाव घेऊन आभार. मी कुठे होतो? 'एका स्थानिक तरुणाच्या साहाय्याने.' ड्रायव्हरला नाव होतं, मला नव्हतं.

पण त्या लेखात याहून मोठी गोष्ट होती. वेस्ता त्यात देव झाला होता.

आमच्यात मोठं गाणं सांगायला बसतात तेव्हा एक रीत आहे. सांगणारा आधी मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडतो आणि एक नाव घेतो. ज्यानं त्याला ते गाणं दिलं, त्या माणसाचं. तो जिवंत असो की मेलेला असो. नाव न घेता गाणं सुरू केलं तर ते चोरीचं. भर पंगतीत म्हातारे उठवून लावतात, मग तो कितीही गोड गळ्याचा का असेना. माझा काका पेरणीचं गाणं सांगायचा, आणि ते त्याला माझ्या बापानं दिलं होतं. सरांनी पहिल्यांदा मोठं टेपचं यंत्र आणून भिलाटीत ठेवलं तेव्हा काकानं धार सोडली आणि म्हणाला, "वेस्तानी दिधं, मी लिधं. मन्ह यामा काही नही." मग गाणं सुरू केलं.

सरांनी बघितलं ते इतकंच: धार सोडली आणि नाव घेतलं. त्यांच्या पुस्तकांत धार फक्त देवाला सोडतात. झालं, देव सापडला. पेरणीचा देव, वेस्ता, आजवर कोणाही संशोधकाला न दिसलेला. मी तिथल्या तिथं सांगितलं, सर, वेस्ता म्हणजे माझे वडील. ते बघा, तिकडे बैलांना पाणी दाखवताहेत. सर यंत्राची रिळं गुंडाळत होते. म्हणाले, "देवाचं आणि तुझ्या वडिलांचं नाव एकच असू शकतं. तू अजून शिकतोयस." खर्डा करताना मी पुन्हा सांगितलं. त्यांनी माझं ते वाक्य लाल पेन्सिलीनं कापलं.

आता विद्वानांच्या जगात माणसाची उंची कशी मोजतात, ते मी पुण्यात शिकलो. तो किती खरं बोलला यावर नाही. इतरांनी त्याचं नाव किती ठिकाणी घेतलं यावर. सरांनी ते कामही मलाच दिलं होतं. ग्रंथालयात नवीन नियतकालिकं आली की मी बसायचो, एकेका लेखाच्या तळटीपा बोटानं खाली खाली वाचत जायचो, आणि सरांचं नाव दिसलं की एका कार्डावर उतरवायचो. कोणी घेतलं, कुठं घेतलं, कशासाठी घेतलं. ती कार्डं पेटीत लावायची. परदेशातून तुमच्या लेखाची प्रत पाठवा म्हणून पोस्टकार्डं यायची, ती वेगळी. बढतीच्या मुलाखतीला सर ती पेटी घेऊन गेले होते.

आणि मी बघत होतो माझ्या बापाचा देव कसा वाढतोय ते. एकानं लिहिलं, वेस्ता हा सूर्याचं रूप असावा. दुसऱ्यानं पहिल्याचा हवाला देऊन लिहिलं, तो सूर्याचं रूप आहेच. तिसऱ्यानं त्याला बायको दिली. प्रत्येकाच्या तळटीपेत सरांचं नाव, सरांच्या पुढच्या लेखाच्या तळटीपेत त्या प्रत्येकाचं नाव. लग्नातल्या आहेरासारखं चाललं होतं, तू मला टोपी दे, मी तुला उपरणं देतो. आहेर करणाऱ्यांपैकी एकानंही येऊन वेस्ताला पाहिलं नव्हतं. आणि प्रत्येक कार्ड माझ्या हातानं लिहिलेलं, कारण नाही म्हटलं तर सरांच्या शब्दावर मिळालेलं पुण्याचं वसतिगृह सुटणार होतं. मला रडू यायचं, आणि रडू येतं म्हणून स्वतःचीच चीड यायची.

एका सुट्टीत मी हे घरी सांगितलं.  बापाच्या मांडीवर आसुडाचे ताजे वळ होते, त्यावर तो हळद लावत बसला होता. माय चुलीपुढून म्हणाली, "तुन्हा बाप कागदमा देव व्हयना म्हने. मंग त्या देवले चाबूक कसा काय पडस?"

मग त्या गोऱ्या पाहुण्यानं पत्र पाठवून विचारलं, या देवाचं स्थान कुठं आहे? दगड आहे का? सरांनी कळवून टाकलं, आहे, आमच्याच गावच्या शिवारात आहे. एकदा छापलं की मागं कसं फिरणार? मी त्यांना विचारलं, सर, दगड कुठाय? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे आता जगभर गेलंय. मी मागे घेतलं तर माझं काय उरेल?" खरं बोलले सर माझ्याशी, ते एकदाच. पाहुणा लिहिणार होता तो ग्रंथ सगळीकडे वाचला जाणार होता, आणि त्यात सरांचं नाव पानोपानी येणार होतं. पाहुणा यायला निघाला.

हॉलमधल्या त्या दुपारी मी सदरा का काढला, ते आता कळलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं गावी आलो. सर आणि पाहुणा बापूंच्या ओट्यावर चहा-नाश्त्याला बसले. सरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, पुढं जा, बांधावर दगड नीट मांडलाय का बघ, शेंदूर लावला असेल तर जरा माती फास, नवा दिसता कामा नये. मी विचारलं, मांडणार कोण? सर म्हणाले, "वेस्ता मांडतोय. बापूंनी त्यालाच सांगितलंय."

 आमच्यात दगड कोणाचा मांडतात, हे सरांनी स्वतः लिहिलं होतं. मेलेल्याचा. वाघानं खाल्लेला, पुरात गेलेला, मारला गेलेला, अशा माणसाचा दगड भाऊबंद मांडतात आणि त्याच्या नावानं शेंदूर लावतात. जित्या माणसाच्या नावानं दगड मांडणं म्हणजे तो मेला असं गावाला सांगणं. दावा साधायचा असेल तरी कोणी हे करत नाही. आणि इथे माझ्या बापाला त्याच्याच नावाचा दगड, त्याच्याच हातानं, खांद्यावर वाहून नेऊन मांडायला सांगितलं होतं. वर पाहुणा आला की त्या दगडापुढं हात जोडून बसायलाही सांगितलं होतं.

मी बांधावर गेलो. दगड नव्हता. खळ्याकडून आवाज येत होता.

खळ्यातल्या तिवड्याला, जिथं मळणीचे बैल बांधतात, तिथं माझा बाप बांधलेला होता. उघडा. पाठ फुटलेली, धोतर रक्तानं चिकटलेलं. दगड शेजारी पडला होता, त्यावर शेंदराचं बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. बापू आसूड घेऊन उभे, घामाघूम. मला बघून ते थांबले नाहीत. उलट मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले, "पाहुना ई ऱ्हायना. मांडस का नही?"

बाप म्हणाला, "बापू, मी जित्ता शे. मन्हा दगड मी नही मांडाव."

एवढंच बोलला तो. ओरडला नाही, हातापाया पडला नाही. आयुष्यात बापूंना त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं. अर्ध्या रात्री पाणी धरलं, तापात औत धरलं, माझी धाकटी बहीण वारली त्या दिवशीही गोठ्यात शेण काढलं. आणि त्या दिवशी नाही म्हणाला. माझा बाप मोठा होता हे मला त्या खळ्यात कळलं. पुण्याच्या कुठल्याच पुस्तकानं मला ते सांगितलं नव्हतं.

बापूंनी आसूड टाकला आणि घमेलं आणायला सांगितलं. घमेल्यात निखारे होते. त्यांनी ओंजळभर सुक्या मिरच्या त्यावर टाकल्या. मग बापाचे केस धरून त्याचं तोंड घमेल्यावर दाबलं आणि वरून गोणपाट टाकलं. गोणपाट धरायला उभा केला होता माझा काका. तोही सालदारच. तो डोळे मिटून गोणपाट धरून होता.

मिरचीची धुरी काय असते हे ज्यानं घेतलीय त्यालाच माहीत. मी दहा हातांवर होतो तरी माझा घसा बंद झाला. गोणपाटाखालून माणसाचा आवाज येत नव्हता. पिशवीत घातलेल्या मांजरासारखं काहीतरी आत आपटत होतं. पाय खळ्याची माती खरवडत होते.

मी घमेलं लाथेनं उडवलं. निखारे बापूंच्या पायांवर गेले. ते मागं सरले आणि टाकलेला आसूड उचलून त्यांनी त्याची मूठ माझ्या तोंडावर हाणली. माझा दात तुटला, तोंड रक्तानं भरलं. मी ते रक्त थुंकलो ते त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. मग मी त्यांना मारलं. मुठीनं, तोंडावर. एकदा मारून थांबलो नाही. ते खाली पडले तरी मारलं. भिलाटीतल्या माणसानं त्या घराच्या माणसाला मारल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, आणि मला ते इतकं बरं वाटत होतं की काकानं कमरेला मिठी मारून ओढलं नसतं तर मी त्या दिवशी खून केला असता. हे मी लपवत नाही. त्याचा मला पश्चात्तापही नाही.

बापाला सोडवलं. त्याला दिसत नव्हतं, डोळे सुजून मिटले होते. एका बाजूनं मी, एका बाजूनं काका, असं धरून आम्ही त्याला गावाच्या मधल्या वाटेनं वर नेलं. लोक दारात येऊन बघत होते. बायांनी पदर तोंडाला लावले. कोणी पुढं आलं नाही, आणि आम्हाला कोणी अडवलंही नाही.

ओट्यावर पाहुणा उकडलेलं अंडं सोलत होता. आम्हाला बघून त्याचा हात थांबला. सर उठून उभे राहिले. मी पायरीपाशी थांबलो नाही. बापाला घेऊन सरळ ओट्यावर चढलो आणि इंग्रजीत, सरांनीच शिकवलेल्या इंग्रजीत, म्हणालो, "हा तुमचा देव वेस्ता. दगड मांडत नाही म्हणून याला आत्ता खळ्यात मारलंय. हा माझा बाप आहे. पेरणीचं गाणं याचं आहे."

पाहुण्यानं सरांकडे बघितलं. सर शांतपणे म्हणाले, मुलगा भावनेच्या भरात आहे, त्याच्या वडिलांचं नाव योगायोगानं देवाचंच आहे, शेतावर काहीतरी अपघात झालेला दिसतो. एकेक शब्द मोजून बोलले. पाहुणा विचारात पडला. मग वाईट वाटल्यासारखा चेहरा करून मला म्हणाला, गाणं यांचं असेल तर यांनी सुरुवातीच्या दोन ओळी म्हणून दाखवाव्यात.

बापाला मी सांगितलं. त्यानं तोंड उघडलं. घशातून फक्त हवा आली, आणि रक्ताची लाळ. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. ज्याचं गाणं ऐकायला तीन-तीन पाड्यांची माणसं चालत यायची, त्याच्या गळ्यात काही उरलं नव्हतं. सरांच्या चेहऱ्यावरून काळजी उतरलेली मी बघितली. त्या क्षणी मला सरांचा जेवढा तिटकारा आला तेवढा बापूंचाही आला नव्हता. बापू मारतात ते निदान स्वतःच्या हातानं.

तेव्हा काका पुढं आला. ज्यानं गोणपाट धरलं होतं तोच. मागं, वाड्याच्या दारात, नाकातलं रक्त पुसत बापू येऊन उभे राहिले होते, आणि काकाला ते दिसत होते. त्यानं पाहुण्याच्या पुढ्यातला पाण्याचा तांब्या उचलला. माझ्या बापाच्या पायांवर धार सोडली. म्हणाला, "हाई गानं यानं शे. यानीच दिधं, मी लिधं." आणि तिथंच, भर सकाळी, खोकत, रडत, त्यानं पेरणीच्या गाण्याच्या पहिल्या ओळी म्हटल्या.

मी एकेक शब्द पाहुण्याला इंग्रजीत करून सांगितला. वाटलं, झालं. यापेक्षा मोठा पुरावा कुठल्या शास्त्रात असतो? पाहुणा भराभर लिहून घेत होता. त्यानं फोटोही काढला.

त्याचा ग्रंथ पुढं निघाला. मी वाचला. त्यात लिहिलंय की वेस्ता हा देव काही वेळा जिवंत माणसाच्या अंगी संचारतो, अशा माणसाला जमातीत पूज्य मानून त्याच्या पायांवर जलधारा सोडतात, संचाराच्या वेळी त्याचे डोळे लाल होतात आणि त्याला वाचा राहत नाही. खाली फोटो आहे. माझा बाप, सुजलेले डोळे, फुटलेले ओठ. फोटोखाली नाव नाही. तळटीपेत सरांचं आहे.

बापूंनी माझ्यावर चोरीची आणि मारहाणीची फिर्याद केली. चौकीत मला तुडवलं, ते तुडवणं आणि बापूंचं तुडवणं यांत मला फरक दिसला नाही. काकाचं साल मोडलं, त्याची झोपडी उपटून फेकली, तो बायको-पोरांसह नवापूरकडे निघून गेला. प्रबंध सरांच्या टेबलावरून परत आला नाही. पुढं सरांच्या एका शिष्याच्या पुस्तकात मला माझीच प्रकरणं वाचायला मिळाली. बापाला आम्ही चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जीव लावून औषधं दिली, पण म्हणाले, आतून भाजलंय, आवाज येणार नाही. तो आला नाही. बाप पुढं काही वर्षं जगला. खुणेनं बोलायचा. पेरणीच्या दिवसांत ओठ हलवायचा, आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघायचो.

तो वारला तेव्हा भाऊबंद म्हणाले, आता दगड मांडू, त्या धुरीनंच मारलेला माणूस आहे. मी नाही म्हणालो. माय माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. मारलेल्या माणसाचा दगड नाही म्हणजे त्याला जागा नाही, हे मलाही कळत होतं. पण मी त्या लोकांना ओळखून होतो. दगड मांडला असता तर दुसऱ्याच महिन्यात जीप आली असती, फोटो निघाला असता, आणि वेस्तादेवाचं स्थान अखेर सापडलं म्हणून लेख छापला गेला असता. माझ्या बापाचं मरण त्यांच्या देवाचा पुरावा म्हणून मी त्यांच्या हाती दिलं नाही.

सरांचा लेख ज्यात छापून आला होता त्या नियतकालिकाच्या संपादकांकडे मी पुण्याला गेलो. सगळं लिहून नेलं होतं. ते सज्जन होते, त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पानं चाळली. मग विचारलं, तुमचे आणखी लेख कुठं आलेत? तुमच्या कामाचा उल्लेख कोणी केलाय? मी म्हणालो, कोणीच नाही. ते म्हणाले, मग हे आम्ही कोणाच्या भरवशावर छापायचं? या देवाचा उल्लेख किती मोठ्या लोकांनी केलाय, तुम्हाला कल्पना आहे का?

मला कल्पना होती. ती सगळी कार्डं मीच लिहिली होती.

जिन्यावरून उतरताना मला सगळं लख्ख दिसलं. हे लोक एकमेकांचं नाव घेतात ते ज्यानं दिलं त्याला मान द्यायला नाही, स्वतःची उंची वाढवायला. आमच्यातला अडाणी म्हाताराही देणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि यांच्या सगळ्या विद्येत देणारा कुठंच नाही. मी यांच्याकडून सही मागत होतो. यांच्या पंगतीत पाट मागत होतो. ती भूक त्या जिन्यावर मेली. मला आता यांच्याकडून काही नको आहे.

मी परत गावी आलो. भिलाटीतच राहतो. शाळेत शिकवतो, आणि उरलेल्या वेळात लिहितो. पेरणीचं गाणं पुरं लिहून झालंय, काकाकडं नवापूरला जाऊन ओळ न् ओळ ताडून घेतलंय. पुस्तकावर पहिलं नाव वेस्ताचं असेल. खाली लिहिलेलं असेल, सालदार. त्याखाली काकाचं, आणि शेवटी माझं. कोणी छापणार नाही म्हणतात. मग मी छापीन. मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर मजुरी करून छापीन आणि त्यांच्या एकेका ग्रंथालयात स्वतः नेऊन ठेवीन. त्यानंतर आमच्याबद्दल एक ओळ लिहायची असेल, तर त्यांना तळटीपेत माझ्या बापाचं नाव माणूस म्हणून घालावं लागेल. घालायचं नसेल तर त्यांनी इथं यावं आणि माझ्या तोंडावर मला खोटा म्हणावं. यावेळी माझे हात काकानंही धरायचे नाहीत, असं मी त्याला सांगून ठेवलंय.